“मी मूठ वळवलीच नाही!”

दिवाळीच्या पहाटे घरोघर जी भांडणे होतात त्यांची कारणे ठरलेली असतात. कुणाचे पाणी तापलेले नसते, कुणाचे उटणे संपलेले असते, कुणी सर्वांच्या आधी कारीट फोडलेले असते. गेल्या वर्षी नरकचतुर्दशीला आमच्या दातिवऱ्याच्या घरी जे भांडण झाले, त्याचे कारण मात्र आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हते. ते चार दिवसांनी सापडले. करंगळीच्या दोन पेरांएवढ्या तीन स्प्रिंगा, एवढेच ते कारण होते. पण तेवढ्यावरून आमच्या आप्पांचे हिंडणे-फिरणे कायमचे बंद व्हायची वेळ आली होती.

आधी गावाची ओळख करून देते. दातिवरे हे पालघर तालुक्यातले, वैतरणेच्या मुखाशी वसलेले गाव. पश्चिम रेल्वेने सफाळ्याला उतरायचे आणि एस. टी. धरायची. खाडीच्या पलीकडे अर्नाळा, अलीकडे आम्ही. वारा बाराही महिने खारा. आमच्या घरच्या खिडक्यांच्या बिजागऱ्या दोन पावसाळ्यांत कुरकुरू लागतात आणि तिसऱ्यात हातात येतात. ही बिजागऱ्यांची गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे तिचे काम आहे.

आप्पा म्हणजे माझे वडील. प्राथमिक शाळेतून निवृत्त झाले, वय चौऱ्याहत्तर. आईचे गुडघे दुखरे. तिची औषधे, बँकेतले पेन्शन, सफाळ्याचा बाजार, कुणाच्या घरचे लग्नकार्य हे सारे आप्पांच्या बिनगिअरच्या जुन्या स्कूटरवर चालते. दोन्ही मुले पोटापाण्यासाठी बाहेर. दादा मुंबईला, मी पालघरला. एस. टी.च्या वेळा आपल्या सोयीच्या नसतात. तेव्हा ती स्कूटर म्हणजे आप्पांचा तिसरा मुलगाच. आणि खरे सांगायचे तर आम्हा दोघांपेक्षा अधिक उपयोगी पडणारा.

त्या दिवशी अभ्यंगस्नाने आटोपली होती. माझी धाकटी भाची अंगणात पाठमोरी बसून रांगोळीत रंग भरीत होती. आप्पांना वेशीवरून फुले आणायची होती. पावसाळाभर पडवीत ताडपत्रीखाली झोपलेली स्कूटर त्यांनी बाहेर काढली, ब्रेक दाबून बटणाने सुरू केली, ती थोडी गुरगुरली, आणि त्यांनी ब्रेक सोडला मात्र, गाडी आपण होऊन पुढे निघाली! आप्पांनी दोन्ही ब्रेक करकचून दाबले. चाक घसरत जाऊन रांगोळीत थांबले. एक पणती उलटली. पोर उडी मारून बाजूला झाली म्हणून गुडघा खरचटण्यावर निभावले.

क्षणभर कुणी बोलले नाही. मग सगळेच बोलू लागले.

“आप्पा, ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटर पिळलात तुम्ही!” दादा म्हणाला.

“मी मूठ वळवलीच नाही,” आप्पा म्हणाले.

“पिळल्याशिवाय गाडी कशी जाईल?”

“ते मला ठाऊक नाही. पण मी वळवली नाही.”

यावर घरात जे हळूच बोलले गेले ते आप्पांच्या कानांवर गेलेच. ‘वय झालं’, हे दोन शब्द. दादाने किल्ली काढून घेतली आणि स्वतःच्या खिशात टाकली. आप्पा ओटीवर जाऊन बसले. फराळाच्या वेळी त्यांनी चकलीचा एक तुकडा मोडला आणि तो तसाच ताटात ठेवला.

गिअर गेले, मग काम कोण करते?

आमच्या पिढीने गिअरची स्कूटर लहानपणी पाहिली. बजाजची चेतक १९७२ साली आली. डाव्या मुठीतला क्लच दाबायचा, मूठ फिरवून गिअर टाकायचा, मग क्लच हलकेच सोडायचा. त्यात चूक झाली की बेडकासारखी उडी. ही कसरत नको असलेल्यांसाठी त्याच १९७२ साली फिरोदियांच्या कायनेटिक कंपनीची लूना आली. नगरच्या कारखान्यातली ती पायडलची मोपेड महाराष्ट्रातल्या कितीतरी शिक्षिका, परिचारिका आणि कारकून मंडळींना कामावर घेऊन गेली. पुढे १९८४ साली कायनेटिक होंडा आली. ती बटणावर सुरू व्हायची आणि गिअर बदलायला सांगायची नाही. आज रस्त्यावर पेट्रोलच्या ज्या बिनगिअरच्या स्कूटरी दिसतात, त्या याच वळणाच्या.

पण गिअर आणि क्लच आपल्या हातून गेले म्हणजे त्यांचे काम संपले असे नव्हे. गाडी उभी असताना इंजिन फिरत राहते आणि चाक मात्र स्थिर असते. या दोघांची सोयरीक कुणीतरी जोडावी लागते आणि कुणीतरी तोडावी लागते. बिनगिअरच्या गाडीत ते काम आपोआप चालणारा क्लच करतो. इंग्रजीत त्याला ‘सेंट्रिफ्युगल’ म्हणतात. आपल्या परिभाषेत या बलाला केंद्रोत्सारी बल असा शब्द आहे. केंद्रापासून दूर सारणारे, अशी त्याची फोड. शब्द जड वाटतो, पण त्याचा अनुभव आपल्याकडच्या प्रत्येक मुलीने घेतलेला असतो.

फुगडी आठवा. दोघी हात धरून हळूहळू फिरू लागतात, तेव्हा कोपर वाकलेले असतात. वेग वाढतो तसे हात ताणले जातात, अंग मागे झुकते, आणि बाहेर फेकले जाऊ असे वाटू लागते. फेकले जात नाही, कारण बोटांची मिठी घट्ट असते. क्लचमध्ये हेच चालते. एका गोल तबकडीवर तीन वक्राकार तुकडे खुंट्यांवर बसवलेले असतात. मेकॅनिक त्यांना ‘शू’ म्हणतात. त्यांच्या बाहेरच्या कडेला ब्रेकसारखे लायनर असते. तिन्ही शूंना आत ओढून धरणाऱ्या तीन स्प्रिंगा म्हणजे फुगडीतली बोटांची मिठी. आणि या साऱ्यावर पालथ्या पातेल्यासारखे एक भांडे असते. त्याला ‘बेल’ म्हणतात. बेल चाकाला जोडलेली असते, तबकडी पट्ट्यावाटे इंजिनला.

इंजिन हळू फिरते तोवर स्प्रिंगांचे जोर अधिक, शू आत, बेल स्थिर, गाडी उभी. मूठ वळवली की वेग वाढतो, शू स्प्रिंगांना ताणून बाहेर झेपावतात, बेलला आतून घासतात, तिला पकडतात, आणि गाडी निघते. मूठ सोडली की स्प्रिंगा शूंना पुन्हा घरी आणतात.

यात हिशेबाची एक खुबी आहे. हा बाहेर फेकणारा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. फेरे दुप्पट झाले की जोर चौपट होतो. समजा इंजिन उभ्या जागी मिनिटाला १,५०० फेरे घेते आहे. ते ३,००० वर गेले की शूंवरचा जोर चौपट. म्हणून तर मूठ किंचित वळवताच गाडी निघते आणि सोडताच सुटते. ह्यूजेन्स या डच शास्त्रज्ञाने हा नियम सतराव्या शतकात मांडला; १६७३ साली निघालेल्या त्याच्या लंबकाच्या घड्याळावरील ग्रंथाच्या शेवटी तो आहे. जेम्स वॉटने १७८८ साली वाफेच्या इंजिनाला आवर घालण्यासाठी फिरते गोळे बसवले, तेही याच तत्त्वावर. आणि वेगानुसार पट्टा वर-खाली सरकून गिअरचे काम करतो, ती युक्ती हॉलंडच्या डॅफ कंपनीने १९५८ साली मोटारीत आणून दाखवली होती. एवढी मोठी वंशावळ असलेले यंत्र शेवटी आमच्या अंगणात तीन स्प्रिंगांपाशी अडले!

स्टँडवरची साक्ष

हे सारे मी पाडव्याच्या दुपारी गाडीबरोबरची पुस्तिका उघडून आणि आमच्या महाविद्यालयातल्या भौतिकशास्त्राच्या सहकाऱ्यांना फोन करून समजून घेतले. सणासुदीला त्रास दिल्याबद्दल त्यांनी माझ्यावर रागवायला हवे होते. उलट त्यांना भलताच हुरूप आला. त्यांनी तीन प्रश्न विचारले.

पहिला, मूठ सोडल्यावर ती चटकन मागे येते का? तिच्या केबलला थोडा ढिलेपणा आहे का? हँडल डावी-उजवीकडे वळवताना इंजिनचा आवाज वाढतो का? वाढत असेल तर केबल ताणली जाते आहे. आमच्याकडे यातले काही नव्हते.

दुसरा, इंजिन तापल्यावर उभ्या जागी आवाज खाली बसतो का? थंड इंजिन सुरुवातीला थोडे जोरात फिरते, ते ठीक. पण नंतर शांत झाले पाहिजे. आमचे होत होते. नव्हे, जरा जास्तच शांत होऊन बंद पडत होते. याचे कारण आप्पांनी सांगितले. पावसाळ्याआधीही गाडी सिग्नलविना थोडी रेटायची, म्हणून त्यांनी ती एका गॅरेजात दाखवली होती. तिथे एक स्प्रिंग बदलली आणि इंजिनचा उभ्या जागचा वेग कमी करून दिला. म्हणजे रोग्याचा ताप मोजायचे सोडून थर्मामीटरच धुऊन ठेवावा तसा प्रकार.

तिसरा प्रश्न महत्त्वाचा. मधल्या स्टँडवर गाडी घेऊन, मागचे चाक अधांतरी ठेवून, मूठ न वळवता चाक काय करते?

ही परीक्षा आम्ही अंगणातच घेतली. पोरांना ओटीवर चढवले. चाकाजवळ हात-पाय किंवा पदर न्यायचा नाही, अशी ताकीद दिली. मी स्वतः गाडी सुरू केली आणि ती तापू दिली. मग मूठ सोडून दोन्ही हात वर केले. आरोपीने हात वर करावेत तसे! चाक फिरतच होते.

इथे एक खुलासा केला पाहिजे. स्टँडवर चाक थोडेसे फिरले म्हणून घाबरू नये. आतल्या तेलाच्या आणि बेअरिंगच्या ओढीने निरोगी गाडीचेही चाक हलके फिरते. मागचा ब्रेक अलगद लावला की ते निमूट थांबते, आणि इंजिनला त्याचा पत्ताही लागत नाही. आमचे चाक तसे नव्हते. ब्रेक लावताच इंजिन गुदमरले, दोन आचके देऊन बंद पडले. याचा अर्थ क्लच सुटतच नव्हता. इंजिन आणि चाक यांनी एकमेकांचे हात धरून ठेवले होते.

मी पुन्हा सुरू केली. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी दादा स्वतः पुढे झाला, त्याने गाडी सुरू केली, मूठ सोडली आणि चाकाकडे बघत राहिला. मग त्याने किल्ली बंद केली. ओटीवर आप्पा बसले होते. ते काही बोलले नाहीत. चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसत राहिले.

तीन बहिणी, तीन घरच्या

भाऊबीज झाल्यावर गाडी टेम्पोत घालून सफाळ्याला नेली. चालवत न्यायची नाही, हे सहकाऱ्यांनी बजावले होते. तिथला मेकॅनिक तरुण, पण कामाला शिस्त. “गुरुजी, गाडी किती दिवस उभी होती?” हा त्याचा पहिला प्रश्न. आषाढापासून, असे ऐकताच त्याने मान हलवली.

डाव्या बाजूचे लांबट झाकण उघडले. आत काळी पूड साचली होती. आमचा भाचा फुंकर मारायला वाकला, तर मेकॅनिकने त्याला मागे ओढले. ही लायनरची आणि पट्ट्याची झीज. ती छातीत जाऊ नये म्हणून ओल्या फडक्याने टिपून घ्यायची. मग त्याने बेल काढली, आणि आम्हा सर्वांना काही न सांगता दिसले. तीन शूंपैकी दोन आत बसलेले होते. तिसरा अर्धवट बाहेर उभा. त्याने तो बोटाने दाबला. हलेना.

“खुंटी गंजली,” तो म्हणाला. “दर्यावरची गाडी आहे ना! पट्टा थंड राहावा म्हणून ह्या डब्यात बाहेरची हवा येते. तुमच्याकडे हवेबरोबर मीठ येतं.”

मला एकदम आमच्या खिडक्यांच्या बिजागऱ्या आठवल्या. शू हीसुद्धा एक बिजागरीच.

पुढचे काम घरी करण्याजोगे नाही, हे मी पाहिले म्हणून सांगते. तबकडीच्या मागे एक भलीमोठी स्प्रिंग दाबून बसवलेली असते. मधला नट नुसता सोडला तर ती उसळून तोंडावर येईल. मेकॅनिकने ती आधी शिकंज्यात आवळली, मग नट सोडला, मग शिकंजा हळूहळू ढिला केला.

तिन्ही लहान स्प्रिंगा त्याने कागदावर शेजारी शेजारी मांडल्या. एकीचे वेढे एकमेकांना घट्ट चिकटलेले होते. दुसरीच्या वेढ्यांतून उजेड दिसत होता, आणि ती सुताएवढी लांबही झाली होती. तिसरी नवी होती, उन्हाळ्यात बदललेली. पण तिची तार इतर दोघींहून जाड. त्याने एकेक स्प्रिंग फरशीवर टाकून दाखवली. निरोगी स्प्रिंग ‘थप्प’ अशी पडते, कारण वेढे आवळलेले असतात. ताणलेली किणकिणते. दुसरी किणकिणली.

उलगडा झाला तो असा. ढिल्या स्प्रिंगेचा शू गंजलेल्या खुंटीवर होता. तो एकदा बाहेर गेला की परत आणायला तिच्यात बळ नव्हते. पहाटेच्या थंड इंजिनने थोडा जोर धरताच त्याने बेल पकडली आणि गाडी निघाली. जाड तारेच्या स्प्रिंगेचा शू मात्र सर्वांच्या मागून बाहेर यायचा, म्हणून निघताना गाडीला हिसका बसायचा. तो हिसका आप्पांनी कितीदा सांगितला होता! आम्ही म्हणालो होतो, “रस्ते खराब आहेत, आप्पा.”

खुंट्या बारीक पॉलिश पेपरने घासल्या. त्यांना उष्णता सोसणाऱ्या ग्रीसचे नुसते बोट लावले. लायनरला ग्रीस लागू दिले नाही. शूंच्या हालचालीला टेका देणारी छोटी रबरे बदलली. एकाच कंपनीच्या, एकाच क्रमांकाच्या तीन नव्या स्प्रिंगा घातल्या. आकडे पुरते अडकले आहेत का, ते बेलला घासत तर नाहीत ना, हे तबकडी हाताने फिरवून पाहिले. प्रत्येक शू बोटाने बाहेर ओढून सोडला. तिन्ही सारख्याच तत्परतेने परत आले. शेवटी उभ्या जागचा वेग पुस्तिकेप्रमाणे पूर्ववत केला. बिलात सर्वांत लहान रक्कम त्या तीन स्प्रिंगांची होती.

आपल्या गाडीची नाडी

दुकानात बसल्या बसल्या मी जे विचारून घेतले ते वाचकांसाठी थोडक्यात देते. मूठ न वळवता गाडी रेटत असेल तर स्प्रिंग ढिली किंवा तुटलेली, नाहीतर शू अडकलेला. आधी केबल आणि इंजिनचा उभ्या जागचा वेग मात्र तपासून घ्यावा. इंजिन खूप ओरडते आणि गाडी उशिरा निघते, असे असेल तर लायनर झिजलेले, त्यावर तेल आलेले, पट्टा संपत आलेला, किंवा स्प्रिंगा गरजेपेक्षा कडक. काही हौशी मुले मुद्दाम कडक स्प्रिंगा घालून घेतात. झेप चांगली वाटते, पण लायनर आणि बेल तापून लवकर संपतात. निघताना थरथर किंवा हिसका असेल तर स्प्रिंगा असमान, लायनरला चकाकी आलेली, अथवा बेल तापून वाकडी झालेली. बेल आतून निळसर दिसली तर ती फार तापली असे समजावे. स्प्रिंगा बदलायच्या त्या तिन्ही मिळून. एकटी बदलू नये.

आणि रेटणारी गाडी कधीही ‘चालवून घेऊ’ म्हणू नये. मोठ्या माणसाचा हात ब्रेकवर असतो तोवर ठीक. अंगणात कुणी पाठमोरे बसलेले असते.

आता विजेच्या स्कूटरी आल्या आहेत. चेतक हे नावसुद्धा २०२० साली विजेवर परत आले. त्यांना हा क्लच नसतो. पण पेट्रोलच्या लाखो गाड्या अजून घरोघर आहेत, आणि त्यांतल्या कितीतरी आप्पांच्या वयाच्या माणसांच्या हाती आहेत. त्यांच्या तक्रारीला आपण पहिले निदान वयाचे करतो. ते सोपे असते. त्याला झाकण उघडावे लागत नाही. उद्या आप्पांचे डोळे किंवा हात खरोखरच थकतील, तेव्हा किल्ली ठेवायला सांगावी लागेलच. पण ते त्यांचे हात पाहून सांगू, गाडीच्या खुंटीवरचा गंज पाहून नव्हे.

दादाने त्या संध्याकाळी किल्ली आप्पांच्या हातावर ठेवली. “चूक झाली, आप्पा,” एवढेच म्हणाला. आप्पा म्हणाले, “चहा घे.”

या पावसाळ्यात गाडी ताडपत्रीखाली झोपली नाही. आप्पा दर रविवारी ती स्टँडवर सुरू करतात, अंगणाकडे पाठ करून. पाऊस उघडला असेल तर वेशीपर्यंत एक फेरी मारतात, आणि शाळेच्या जुन्या हजेरीवहीत तारीख टाकून नोंद करतात. परवा मी ती वही चाळली. शेवटच्या ओळीत त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिले होते: ‘चाक थांबले. ठीक.’